विसर्गवाले काका

सांगलीच्या पूरपट्ट्यात गल्लीगणिक एक तरी विसर्गवाले काका सापडतात. पावसाळ्यात ते पेपर उघडतात तो कोयना, नवजा, महाबळेश्वर इथला पाऊस आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग वाचायला. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, पण कोयना धरण 105 टीएमसीचं आणि 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

अशा माणसाला नवज्याच्या ओझर्डे धबधब्यावर नेऊ नये. पण पुतणे हट्ट करतात आणि काका भडंगाची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसतात.

धबधबा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये तो झाला. त्यामुळे पुतणे झाडीत वाघ शोधतात, काकू पायावर जळू शोधतात. काका ओढ्याची धार बघत चालतात. धबधब्यासमोर सगळं जग ओलं होऊन किंचाळत असताना हे छत्रीखाली पुटपुटतात, "शंभरेक क्युसेक तरी असंल."

"अहो, आधी फोटो काढा!"

फोटोत काकूंचं डोकं निम्मं येतं, मागच्या खडकावरची पाण्याची खूण मात्र लख्ख.

पुतण्या डोहाकडे सरकतो, वनरक्षक शिट्टी मारतो. लगेच काकांची अस्मिता जागी होते. "अहो, आम्ही आयर्विनवरनं कृष्णेत उड्या टाकलेली माणसं!"

"टाकल्या असतील काका. हितं वरनं दगड येत्यात. मागं व्हा."

काका मागं होतात, जरा जास्तच.

"काका, हे पाणी आपल्याकडं येणार?" धाकट्याचा प्रश्न. मग व्याख्यान सुरू! पाणी आधी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात. तिथून वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत बोगद्यातून पश्चिमेला, वीज करून चिपळूणच्या वाशिष्ठीत. बाकीचं धरणाखालून कऱ्हाडला कृष्णेत आणि मग आपल्या दारात. चिपळूणच्या वाट्याचं पाणी सांगताना काकांचा चेहरा खुलतो. चिपळूणकरांनी राग मानू नये. 2005 आणि 2019, दोनदा ज्याने फ्रिज खांद्यावरून वरच्या मजल्यावर चढवला, त्याला धबधब्यात निसर्गसौंदर्य दिसावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ओझर्डेला जरूर जा. काका बरोबर असतील तर परतीला तासभर जादा धरा. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर पाणी बघितल्याशिवाय ते गाडी पुढं काढू देत नाहीत.