केविन, कडी लाव!

डिसेंबर आला. वाकडच्या सिग्नलवर सांताच्या टोप्या आल्या, पिंपळे सौदागरच्या क्लबहाऊसात प्रोजेक्टर आला आणि पाठोपाठ ‘होम अलोन’ही आला. ख्रिस कोलंबसचा 1990 चा सिनेमा. 1 कोटी 80 लाख डॉलर खर्चून 47 कोटींवर कमावणारा. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जतन करायच्या यादीत घातला. आमच्याकडे ते काम सेक्रेटरीचा पेनड्राइव्ह करतो.

गोष्ट पाठ आहे. शिकागोजवळचा ऐसपैस बंगला, पॅरिसला निघालेलं खटलं, घरीच राहिलेला आठ वर्षांचा केविन आणि दोन चोर.

आई पोटच्या पोराला विसरेलच कशी? हा दरवर्षीचा आक्षेप. अहो, रात्री वाऱ्यानं लाईट जाते, गजर वाजत नाही, सगळ्यांना उठायला उशीर होतो. महावितरणचा कुठलाही ग्राहक हे कारण मान्य करील.

पटत नाही ते पुढचं. एवढी वरात उशिरा निघूनही विमान गाठते! चाकणहून लोहगावला निघाली असती, तर तळेगाव चौकातच डोकी मोजून झाली असती. कुणीतरी पायी जाऊन केविनला घेऊन आलं असतं. गाडी तिथंच सापडली असती.

चाकणला विमानतळ येणार, येणार म्हणताना पुरंदरला गेला. तोही कोंडीलाच कंटाळला असावा.

सिनेमातला चोर पोलिसाच्या वेशात येऊन घरच्यांचा बेत काढून घेतो. केवढी ही मेहनत! आम्ही बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकतो.

मग आई पॅरिसहून फोन करते. पोलीस येतो, दार वाजवतो, आत कुणी दिसत नाही म्हणून निघून जातो. या प्रसंगाला अतिशयोक्ती म्हणणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय.

‘मारामारी फार आहे हो,’ असं काही पालक म्हणतात. दाराची तापलेली मूठ, पायात खिळा, तोंडावर इस्त्री, डोक्यात रंगाचा डबा. चोर पडतात आणि पुन्हा उठतात. पॉवर प्रेसखाली बोट गेलेला भोसरीचा कामगार हे बघून हसतो का, ते विचारू नका. त्याच्या शॉपमध्येही भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ असतंच.

आणि एकट्या मुलाची गंमत?

मोशीच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये दुपारी जा. बाबा सेकंड शिफ्टला, आई पॅकिंगला, आजी बीडला. पोराच्या गळ्यात बाबांच्या जुन्या कंपनीच्या आयकार्डाची पट्टी, तिला किल्ली. ‘कडी लाव, गॅसला हात लावू नको, कुणालाही दार उघडू नको.’ झाला सिनेमा. रोज दोन ते सहा, इंटर्व्हल नाही.

केविन एकटा राहतो तेव्हा आई अर्धं जग पालथं घालून परत येते. इथल्या आईला अर्धा दिवस सुट्टी मागितली तरी सुपरवायझर कपाळाला आठ्या घालतो.

आपला घरोघरी पाठ असलेला सिनेमा म्हणजे 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’. केविनकडे घर आहे, माणसं निघून गेलीत. आपल्याकडे माणसं आहेत, घर मिळत नाही. हिंजवडीत रूम शोधणाऱ्या पोरांना तो विनोदी वाटतच नाही, मार्गदर्शनपर वाटतो.

‘होम अलोन’मधली खरी मेख मात्र क्लबहाऊसात कुणी बोलत नाही. केविनचे सगळे सापळे शेवटी फसतात. चोर त्याला धरून खुंटीला टांगतात. वाचवतो कोण? शेजारचा म्हातारा मार्ले, ज्याला अख्खी गल्ली टरकून असते. हत्यार काय? बर्फ उपसायचं फावडं.

आमच्याकडे कॅमेरे आहेत, गेटवर ॲप आहे, बोटाच्या ठशाचं कुलूप आहे. शेजाऱ्याचं आडनाव मेंटेनन्सच्या थकबाकीच्या यादीतून कळतं. त्याच्याकडे फावडं आहे का, हे विचारणार कोण?