दोन रकान्यांच्या रंगीत रेझ्युमेस अनावृत पत्र

प्रति,
श्री. दोन रकानी रंगीत रेझ्युमे,
मुक्काम पोस्ट : फुकट टेम्प्लेटे

विषय : नोकरीच्या अर्जासाठी योग्य साचा निवडण्याबाबत.

स. न. वि. वि.

रेझ्युमेचे प्रचलित साचे तीन. उलट्या कालक्रमाच्या साच्यात ताजी नोकरी वर आणि जुनी खाली येते. कौशल्यप्रधान साच्यात काय येते ते आधी ठळकपणे सांगितले जाते. कुठे आणि कधी केले, हे शेवटी, शक्य तितके अंधुक. तिसऱ्यात दोहोंचे मिश्रण असते. ज्यांना हे पत्र धाडले आहे ते महाशय या वर्गीकरणात कुठेच बसत नाहीत, कारण त्यांची निवड रंग पाहून होते.

उलटा कालक्रम दिसायला नीरस, पण बहुतेक उमेदवारांना तोच योग्य. उमेदवार सध्या कुठे आहे, कोणत्या पदावर आणि किती वर्षे, एवढेच भरती करणारा पहिल्या नजरेत शोधतो. नुकत्याच पदवीधर झालेल्याने शिक्षण वर घ्यावे, मग प्रकल्प आणि इंटर्नशिप, आणि सारे एका पानात आवरावे. दहावी-बारावीचे टक्के अनुभवी माणसाने खुशाल गाळावेत. कॅम्पसवर मात्र ते ठेवावे लागतात, कारण अनेक कंपन्यांची पहिली चाळणी साठ टक्क्यांची असते.

कौशल्यप्रधान साच्याचा पूर्वज थोर आहे. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी जे पत्र तयार केले, त्यात हलके पूल, तोफा, किल्ले पाडण्याच्या युक्त्या असे मुद्दे क्रमाने येतात आणि चित्रकला अगदी शेवटी. सत्ताधीशाला युद्धाची चिंता होती, हे अर्जदाराने ओळखले होते. पूल कोठे आणि कोणत्या साली बांधले, हे मात्र त्यात नाही. आजचा एचआर नेमके तेच विचारतो. तारखा लपवणारा साचा दिसला की मधली रिकामी वर्षे तो आधी शोधतो. म्हणजे जे झाकायचे तेच उघडे पडते. मुलांसाठी नोकरी सोडून पुन्हा कामावर परतणाऱ्या बाईने किंवा लष्करातून निवृत्त होऊन खासगी कंपनीत जाणाऱ्या जवानाने मिश्र साचा घ्यावा : वर पदाशी जुळणारी कौशल्ये, खाली तारखांसह अनुभव, आणि खंड एका ओळीत सरळ सांगितलेला.

आता महाशयांविषयी. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि मजकुरातून नाव, पद, तारखा उचलते. सगळी सॉफ्टवेअरे सारखी नसतात, पण दोन रकाने पाहून गोंधळणारी पुष्कळ आहेत : डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या पदाला चिकटतो, शीर्षपट्टीतला ईमेल हरवतो आणि चित्रातली अक्षरे तर वाचलीच जात नाहीत. कौशल्य मोजणाऱ्या पट्ट्या-ताऱ्यांचे गौडबंगाल आणखी वेगळे. 'जावा, चार तारे' म्हणजे किती जावा? साताऱ्यात जन्मून तिथेच शिकलेल्या उमेदवाराची मराठी जेव्हा ऐंशी टक्के भरते, तेव्हा उरलेली वीस टक्के कोणी नेली, याचा उलगडा मुलाखतीतही होत नाही.

काही अर्जांत तर लग्नाच्या बायोडेटासारखा मजकूर असतो : वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती. शिवाय तळाशी 'वरील माहिती खरी आहे' असे स्थळ-दिनांकासह घोषणापत्र. खासगी नोकरीला यातले काहीच लागत नाही. फोटोचे देशागणिक बदलते. अमेरिका-ब्रिटनमध्ये तो लावू नये. जर्मनीत सक्ती नाही, पण लावण्याची रीत टिकून आहे.

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच नसतो. एमपीएससीचा अर्ज आयोगाच्या ठरलेल्या ऑनलाइन नमुन्यातच भरावा लागतो. प्राध्यापकपदासाठी शोधनिबंधांच्या यादीसह लांबलचक सीव्ही द्यावा लागतो. तिथे एका पानाचा संयम उमेदवाराला महागात पडतो.

ग्राफिक डिझायनरच्या पोर्टफोलिओत महाशयांचे स्वागतच आहे. इतरत्र त्यांनी रजा घ्यावी आणि जाताना एका रकान्याची, साध्या अक्षरांची, मजकूर निवडून कॉपी करता येईल अशी पीडीएफ मागे ठेवावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा. समास तर असावाच.