आधी वाट, मग फाटक

शहर सोडून कोकणात राहायला आलेलं कुटुंब पहिल्या महिन्यात काय करतं, हे दापोली-गुहागरकडच्या वाड्यांना आता पाठ झालं आहे. विहिरीचा गाळ तसाच राहतो, गोठ्याची कौलं परतायची राहतात, पण कुंपण पूर्ण होतं. चिऱ्यांचा ट्रक येतो, जेसीबी येतो, खांब आणि जाळी येते. वाडीतल्या बायका ज्या वाटेनं पऱ्यावर धुणं घेऊन जायच्या, तिच्यावर आठवड्याभरात लोखंडी फाटक उभं राहतं आणि फाटकावर पाटी लागते: परवानगीशिवाय आत येऊ नये.

ही पाटी मला खुपते.

जमीन तुमची, खरेदीखत तुमचं, फेरफार मंजूर, सातबाऱ्यावर नाव चढलेलं. सगळं मान्य. पण तुमच्या सातबाऱ्याच्या आधीपासून तिथे एक वाट होती. इथल्या जुन्या जमिनींना गडगा असतो आणि गडग्याला बेडं असतं. बेडं गुरांना अडवतं. डोक्यावर भारा घेतलेली बाई त्याचे दांडे सरकवून आत येते आणि जाताना पुन्हा लावून जाते. ही मुभा कुणी कधी कागदावर लिहिली नाही, कारण लिहायची वेळच आली नव्हती. कायद्याला मात्र अशा वाटा ठाऊक आहेत. मामलेदार न्यायालयांचा 1906 सालचा अधिनियम आजही लागू आहे. वहिवाटीची वाट किंवा वाहतं पाणी अडवलं, तर त्यातल्या कलम 5 खाली तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो. अट एवढीच, की अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. वाडीतली म्हातारी माणसं सहा महिन्यांत तालुक्याच्या कचेरीची पायरी चढत नाहीत. ती लांबच्या पाखाडीनं वळसा घालून जायला लागतात, आणि नव्या घराला वाटतं, कुणाची हरकत दिसत नाही. हरकत असते. ती तुमच्या तोंडावर बोलली जात नाही, आणि तुम्ही दारी बसवून कधी विचारलेलं नसतं.

नवी माणसं यायलाच हवीत, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. घरचा पुरुष मुंबईला गेला आणि शेत, गुरं, म्हातारे सासू-सासरे बाईच्या अंगावर टाकून गेला, त्याचा हा आकडा. ज्या जिल्ह्यातली घरं गणपती आणि शिमग्यापुरतीच उघडतात, तिथे बारा महिने चूल पेटवणारं घर ही मोठी गोष्ट आहे. म्हणून तर फाटकाचा इतका राग येतो. इतकी वर्षं माणसं जाताना पाहिली, आणि आता जी येतात ती आल्या आल्या दार लावून घेतात.

शहरातून गावाकडे येणं कोकणाला नवं नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि पुढच्या काळात हजारो गिरणी कामगार बिऱ्हाडं घेऊन घाटावर आणि कोकणात परतले. 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा माणसं आली, काही पायी आली, शाळांच्या खोल्यांमध्ये विलगीकरणात राहिली. ती येण्यापूर्वी गावानं भांडणंही केली आणि आल्यावर तांदूळही पोचवले. त्यांची इथे भावकी होती, देवळात मान होता. तुमचं तसं काही नाही. तुम्हाला ते मुळापासून कमवावं लागणार आहे, आणि ते खरेदीखतासोबत मिळत नाही.

एक गोष्ट विशेष टोचते. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे जमीन घ्यायची ठरली की शहरातल्या घरात आजोबांचा सातबारा शोधला जातो. सातारच्या, नगरच्या, कुठल्याशा गावातलं, चार भावांत विभागलेलं ते खातं निघतं, शेतकरी असल्याचा दाखला निघतो, व्यवहार होतो. ज्या आजोबांच्या नावावर ही जमीन मिळाली ते शेती करत होते, हे मात्र दस्त नोंदवून होताच विसरलं जातं. भातखाचर ओसाड पडतं. त्याच्या कडेनं शोभेची झाडं लागतात, मधे हिरवळ लावली जाते. तीन पावसाळे खाचर पडीक राहिलं की त्यात रान माजतं, रानात डुकरं राहायला येतात, आणि ती रात्री शेजाऱ्याच्या उभ्या भातात शिरतात. तुमच्या ओसाडीचा दंड शेजारी भरतो.

स्वतः लावणी करायची ताकद नसेल तर खाचर अर्धेलीनं द्या. वाडीत कसणारी एक-दोन घरं अजून आहेत. वर्षाचा तांदूळ घरी येईल, बांध फुटले तर कुणीतरी बघेल, आणि जुलैच्या पावसात तुमची मुलं गुडघाभर चिखलात उतरून रोपाची मूठ कशी सोडतात ते शिकतील. शिवाय लावणीला सावड असते. आज तुमच्याकडे चार माणसं, उद्या तुम्ही त्यांच्याकडे. सावडीला आलेल्या घराला गावात ओळखपत्र लागत नाही. मजुरी देऊन माणसं आणणार असाल तर एवढं करा, बाईला पुरुषाइतकीच द्या. दिवसभर वाकून लावणी ती करते आणि संध्याकाळी पैसे मोजताना तिच्या हातावर कमी टेकवले जातात, हा इथला जुना अन्याय आहे. तो मोडायला बाहेरून आलेल्या घराला कुठली भावकी आडवी येत नाही.

आता घरातल्या बाईबद्दल. गावाकडे राहायला जायचं स्वप्न बहुतेक घरांत आधी पुरुषाला पडतं. आल्यावर त्याला बाग मिळते, पहाटेचे पक्षी मिळतात, लॅपटॉपवर काम करायला पडवी मिळते. तिच्या वाट्याला शनिवार-रविवारचे पाहुणे येतात. पुण्या-मुंबईचे आठ-दहा जण जेवायला, राहायला. चुलीवरच्या भाकऱ्यांचं, घावन्यांचं, आमटीचं कौतुक करायला. भांडी घासायची बाई वाडीत मिळेलच असं नाही, किराणा तालुक्याला, आणि सोमवारी अंथरुणांच्या चादरी तिनंच धुवायच्या. शहरातली तिची नोकरी, मैत्रिणी, लोकलमधला गट, सगळं सुटलेलं असतं. एखाद्या घरानं वर्षभरातच सामान आवरून परत शहर गाठलं, की लोक कारण सांगतात, शेती जमली नाही. मला त्यातल्या अनेकींचा दमलेला चेहरा आठवतो. पहिलं वर्ष पाहुणे बंद, असा नियम प्रत्येक नव्या घरानं करावा. नातेवाईक रुसतील, रुसू देत. त्या रविवारी तिनं महिला बचत गटाच्या बैठकीला जावं. तिला मैत्रिणी तिथे मिळतील.

दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला 'निसर्गायण'चे लेखक दिलीप कुलकर्णी अभियंत्याची नोकरी सोडून राहायला आले. त्यांचं सगळंच जगणं प्रत्येकाला झेपणार नाही. पण गावात येण्याआधी स्वतःच्या गरजा खाली आणायच्या, हा त्यांचा क्रम बरोबर आहे. गरजा शहराच्याच ठेवून फक्त पत्ता बदलला, तर त्या गरजांचं ओझं गावाच्या विहिरीवर, वाटेवर आणि माणसांवर पडतं.

मुलांच्या शाळेचा प्रश्न मोठा आहे आणि आईवडिलांची काळजी खरी आहे. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक-दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. पण ही शाळा आज पटावर जगते. 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारनं 2023 मध्ये मांडला, तेव्हापासून कोकणातल्या वाड्यांना धसका बसला आहे. डोंगरातली शाळा गेली की सहा-सात वर्षांच्या मुलानं पावसाळ्यात पऱ्या ओलांडून दुसऱ्या गावी जायचं. अशा वेळी तुमची दोन मुलं त्या पटावर आली तर त्याचं मोल मोठं आहे. गाडीत बसवून रोज तालुक्याच्या इंग्रजी शाळेत सोडणं सोपं, हे मान्य. तरी किमान चौथीपर्यंत वाडीच्या शाळेत घाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांनाच दिल्या आहेत. शिकलेले पालक शिक्षकाची रिक्त जागा भरून घ्यायला पाठपुरावा करू शकतात, अर्ज लिहू शकतात, पंचायत समितीत जाऊन बसू शकतात. ती ताकद आज वाडीत कमी आहे आणि तुमच्याकडे आहे.

साप-विंचवाची भीती प्रत्येक नव्या घराला वाटते. वाटावी. जांभ्याच्या फटीत फुरसं असतं, लाकडांच्या ढिगात विंचू असतो. पण त्यासाठी पावडरी फवारण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून या. नसेल तर ग्रामसभेत मागा. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं हकनाक मरत होती, तेव्हा महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून जीव वाचवले आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हे संशोधन मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झालं नाही, खेड्यातल्या रुग्णांच्या खाटेशी जागून झालं. गावात काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाव गोड आहे, असं मी म्हणणार नाही. गावकीची दुसरी बाजू भयंकर आहे. घरंच्या घरं वाळीत टाकली गेली, त्यांचं पाणी, दुकान, देऊळ तोडलं गेलं. रायगडमधली प्रकरणं तर राज्यभर गाजली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला तो उगाच नाही. बौद्धवाडीची वाट आणि बौद्धवाडीची विहीर आजही कित्येक गावांत वेगळी आहे. तुम्ही बाहेरून आलेले आहात, तुम्हाला हे ढळढळीत दिसेल. तेव्हा आपल्याला काय करायचंय म्हणून गप्प बसू नका. गावात मिसळणं म्हणजे गावच्या चुकांत मिसळणं नव्हे. सगळ्या वाड्यांतल्या घरी चहा प्या आणि सगळ्या वाड्यांतल्यांना आपल्या घरी पाजा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारी उत्पन्नाला यायला कितीतरी वर्षं लागतात, तेवढी वर्षं एका दुपारी गेली. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या दिवसांत कुणाच्या घराचे पत्रे कुणी धरले, कुणाच्या अंगणातला पडलेला माड कुणी तोडून बाजूला केला, हे वाड्यांनी पक्कं लक्षात ठेवलं आहे. जाळीच्या कुंपणाआडच्या बंद घरांवर पडलेली झाडं मात्र मालक येईपर्यंत तशीच होती. पत्ता कुणाला माहीत नव्हता, फोन नंबर कुणाकडे नव्हता.

पाण्याचं सांगून थांबतो, कारण तेच सगळ्यात निकडीचं आहे. इथे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी धरत नाही. नव्या घराला पाणी कमी पडलं की बोअर पाडायची घाई होते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर पाडायची नाही, हा नियम 1993 च्या भूजल कायद्यापासून आहे. तो विचारणारं कुणी नसलं तरी पाळायचा, कारण त्याच झऱ्यावर खालच्या वाडीचे हंडे भरतात. पावसाळा सरला, पऱ्याचं पाणी वाहतंय तोवर त्यावर मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घालावा लागतो. त्याला पैसा फार लागत नाही. रिकाम्या गोण्या लागतात आणि माणसं लागतात. माणसं कमी पडतात म्हणून कित्येक वाड्यांत तो घातलाच जात नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, त्यातली एक बहुतेक ठिकाणी 2 ऑक्टोबरला असते. मतदार यादीतलं नाव तोवर गावात आणून घ्या, त्या सभेला नवरा-बायको दोघं जा, आणि बंधारा कधी घालायचा ते विचारा. तारीख ठरली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन या. तुमच्या घराच्या बांधकामाच्या कितीतरी पडून असतील.