यंदाची लाइन

लॉचा विद्यार्थी पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या कँटीनमध्ये एकटा सापडला, की वकीलसाहेब आपला चहा घेऊन त्याच्या टेबलावर येतात. बिल अर्थातच टेबलाच्या मूळ मालकाकडे राहतं. "कितव्या वर्षाला?" एवढाच प्रश्न, पुढे पाऊण तास नुसती उत्तरं.

2016 साली दिवाळखोरी संहिता आली, तेव्हा साहेब भेटेल त्याला सांगत, "डोळे मिटून दिवाळखोरीत उतर, सोनं होईल!" एका पोराच्या वडिलांनी हे अर्धवट ऐकलं आणि पोराला दंडाला धरून बाहेर नेलं. कंपनीचा सोक्षमोक्ष 180 दिवसांत, फार तर 270, असं साहेब टेबलावर हात आपटून सांगत. 2019 च्या दुरुस्तीने कोर्टातल्या वेळेसकट 330 दिवस केले, तर म्हणाले, "बघा, काम वाढलं की नाही!" मध्येच 2017 च्या जुलैत जीएसटी आला होता, तेव्हा दिवाळखोरी महिनाभर 'जुनी लाइन' झाली होती. 2023 साली विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम 2025 संपता संपता निघाले. साहेबांचं नवं व्हिजिटिंग कार्ड त्याआधीच छापून आलं होतं.

स्वतः साहेब मात्र जन्मभर चेक बाउन्सच्या कलम एकशे अडतीसवर जगले. न वटलेले चेक, पतसंस्थांच्या फायली, पुढची तारीख. कंपन्यांची दिवाळखोरी चालते मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, आणि साहेबांना घाटात गाडी लागते. "इंटर्नशिपला स्टायपेंड किती?" असं कुणी विचारलं तर एरवी शिपायाचा पुकारा तिसऱ्या मजल्यावरून टिपणारा त्यांचा कान अचानक जातो.

पण परवा एका मुलीने नोटिशीचा मसुदा दाखवला. साहेबांनी चष्माही लावला नाही. "बँकेचा मेमो हातात कधी पडला?" तिने नोटिशीचे तीस दिवस चेकच्या तारखेपासून मोजले होते. मग मुदत कुठून धरायची, पत्ता कसा पडताळायचा, पोच का जपायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस का सोडायचे, सगळं दहा मिनिटांत. एकही लाट नाही, एकही सोनं नाही. याला करिअरचा सल्ला म्हणतात, हे मात्र साहेबांच्या गावीही नाही.

यंदाची लाइन एआय आहे. तुम्हालाही ते सांगतीलच. मान डोलवा, आणि हळूच आपला मसुदा त्यांच्यापुढे सरकवा.