भाऊसाहेबांचा सव्वा चौरस फूट

विमानातली खुर्ची चौरस फुटात मोजणारा माणूस पाहायचा असेल तर भोकरला या. बसस्टँडजवळच्या हॉटेलात सकाळी आठच्या सुमाराला सुशिल्याची प्लेट पुढ्यात घेऊन तो बसलेला सापडेल. महसूल खात्यातून निवृत्त, म्हणून सगळ्या गावाचा 'भाऊसाहेब'. असे भाऊसाहेब उमरीत आहेत, मुदखेडला आहेत, किनवटला दोन तरी असतीलच. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते लेखी हरकत घेतील आणि सुनावणीला मला सहा महिने नांदेडला खेटे घालावे लागतील.

भाऊसाहेबांची उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनीच्या नोंदी करण्यात गेली. त्यामुळे समोर येणारी कोणतीही गोष्ट त्यांना आधी क्षेत्रफळ म्हणून दिसते, मग आकार, मग बोजा. लेक शिकली, तिचं लग्न झालं, ती डॅलसला गेली. आता पहिलं नातवंड येणार म्हणून भाऊसाहेब आणि काकू दोघांना सहा महिन्यांसाठी बोलावणं आलंय. आणि एके रात्री जावयाचा फोन आला.

"आप्पा, प्रवास लांबचा आहे. तुमचं आणि आईंचं प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढू का?"

दुसरा कोणी 'हो' म्हणाला असता, नाही तर 'कशाला उगाच' म्हणाला असता. भाऊसाहेब म्हणाले, "जावईबापू, प्रस्ताव पाठवा. तपासून कळवतो."

प्रस्ताव व्हॉट्सॲपवर आला. हैदराबादहून दुबईमार्गे डॅलस, जाऊन-येऊन माणशी साधं तिकीट 1,20,000. प्रीमियम इकॉनॉमी 2,10,000. दुबईपर्यंत चार तास, पुढे सोळा तास सलग. भाऊसाहेबांनी ते झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतलं (पडद्यावरच्या आकड्याला ते आकडा मानत नाहीत), वर तारीख घातली आणि चौकशीला सुरुवात केली.

पहिला आक्षेप नावावरच निघाला. प्रीमियम आणि इकॉनॉमी हे दोन्ही शब्द एकाच सातबाऱ्यावर कसे? भाऊसाहेबांचा वर्गाच्या नावांवर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. 1974 साली रेल्वेनं तिसरा वर्ग रद्द केला तेव्हा ते शाळेत होते. रद्द केला म्हणजे डब्यावरचा आकडा बदलला. आतली लाकडी फळी तीच राहिली आणि प्रवासी एका रात्रीत दुसऱ्या वर्गात गेले. पुढे 2021 मध्ये रेल्वेनं थर्ड एसीतही इकॉनॉमी नावाचा डबा काढला, 72 बर्थच्या जागी 83 बसवून. "रेल्वेवाल्यानं एसीत इकॉनॉमी घुसवली, विमानवाल्यानं इकॉनॉमीत प्रीमियम घुसवलं. आपले पाय दोन्हीकडं तेवढेच!" हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात हॉटेलात इतक्यांदा म्हटलं की चहावाला पोरगाही ते म्हणू लागला.

प्रीमियम इकॉनॉमी या वर्गाचा इतिहास तसा फार जुना नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तैवानच्या ईव्हा एअरनं आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकनं तो आणला. बिझनेस परवडत नाही आणि साध्या वर्गात गुडघे मावत नाहीत, अशा मधल्या माणसासाठी ही मधली सोय. आपल्याकडे 2015 साली सुरू झालेल्या 'विस्तारा' कंपनीनं तो आणला, आणि ती कंपनी 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडियाच्या नव्या ए-350 विमानात 316 जागा आहेत. त्यातल्या 28 बिझनेसच्या, 264 साध्या, आणि या दोहोंच्या मध्ये 24 प्रीमियम इकॉनॉमीच्या. भाऊसाहेबांना हे आकडे सांगितल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे इनामी 28, बागायत 24, बाकी सगळी कोरडवाहू."

मग मोजणी झाली. साध्या खुर्चीला पुढच्या-मागच्या ओळीतलं अंतर 31 ते 32 इंच, रुंदी सतराच्या आसपास. प्रीमियमला अंतर 38 इंच, रुंदी एकोणीसच्या घरात. भाऊसाहेबांनी कोरडवाहूला झुकतं माप देऊन 32 गुणिले 17 धरलं: 544 चौरस इंच. बागायत 38 गुणिले 19: 722. फरक 178 चौरस इंच, म्हणजे जवळपास सव्वा चौरस फूट. या सव्वा चौरस फुटाला माणशी 90,000 जादा, म्हणजे चौरस फुटाला 72,000 रुपये. पेन टेबलावर ठेवून त्यांनी हॉटेलभर नजर फिरवली.

"बहात्तर हजार! मुंबईत या भावात मालकीची जागा मिळती. हितं तर चाळीस तासांचा ताबा. खरेदीखत न्हाई, फेरफार न्हाई, उतरताना ताबा सोडायचा तो सोडायचाच. वर जागा वाढली एक तृतीयांश आन् भाडं वाढलं पाऊणपट. कामून द्यायचे? आपण काय प्लॉट घ्यायलोत का?"

गणित बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागलं. पण ते जमिनीचं गणित आहे. खुर्ची किती मागे झुकते, पोटऱ्यांना आधार मिळतो का, शेजाऱ्याचं कोपर कुठवर येतं, समोरच्यानं पाठ टेकली की आपलं ताट कुठे जातं, यातलं काहीच लांबी गुणिले रुंदीत बसत नाही. हे म्हटल्यावर भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बांध कोरला.

दुसरा आक्षेप कराचा. भारतात काढलेल्या साध्या वर्गाच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी लागतो. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर तो 12 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. प्रीमियम इकॉनॉमी यात वरच्या बाजूला पडते. कंपनी तिला इकॉनॉमी म्हणते, सरकार म्हणत नाही. भाऊसाहेबांना हे एका वाक्यात कळलं: "जमीन एनए झाली." त्यांनी फाईलवर तसा शेराही मारला.

तिसरा मुद्दा सामानाचा, आणि इथे निकाल जवळपास लागलाच. काकूंनी दोन महिने आधीपासून तयारी चालवली होती. ज्वारीचं पीठ, येसर, कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, भोकराचं लोणचं, वसमतची हळद. हे सगळं मोंढ्यातल्या काट्यावर नेऊन तोललं होतं. जादा पैसे भरले तर किलो किती वाढतील, हा भाऊसाहेबांचा साधा प्रश्न. उत्तर असं की अमेरिकेच्या वाटेवर बऱ्याच कंपन्या साध्या वर्गाला 23 किलोच्या दोन बॅगा देतात आणि प्रीमियमलाही तेवढ्याच. "एक किलो हळद वाढत नसंल," भाऊसाहेब म्हणाले, "तर ह्यो वर्ग कुणासाठी काढला?"

इथवर वाचून कोणाला वाटेल की माणूस कंजूष आहे. तसं नाही. याच माणसानं लेकीच्या लग्नात भोकरमध्ये दीड हजार पान उठवलं, वरपक्षाच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही फेटा बांधला, आणि त्यातल्या एकाही खर्चाला दर चौरस फूट लावला नाही. पैसा चारचौघांत गेला की तो मान असतो. स्वतःच्या पाठीखाली गेला की उधळपट्टी. मराठवाड्यात दुष्काळ पाहिलेल्या पिढीला स्वतःवर खर्च करण्याची सवयच लागली नाही, आणि ही सवय साठीनंतर लागत नाही. त्यातून पैसा जावयाचा. लेकीच्या घरचं घ्यावं का, हा प्रश्न भाऊसाहेबांनी कधी तोंडावाटे काढला नाही. पण सगळ्या फाईलच्या बुडाशी तोच होता. प्रीमियम घेतलं तर विहीणबाई म्हणणार, 'सासऱ्याला गादी लागते.' नाही घेतलं तर म्हणणार, 'आमच्या मुलानं देऊ केलं, यांना पचलं नाही.' या दोन्हींची पैसेवारी त्यांनी मनातल्या मनात काढून पाहिली. दोन्ही 50 पैशांच्या आत आल्या.

मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर रक्ताच्या गुठळ्यांचा संदेश पाठवला. इकॉनॉमीत बसलं की पायात गुठळी होते, ती वर चढते वगैरे. भाऊसाहेब दोन दिवस हादरलेले होते. यातलं खरं तेवढं सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली जाहीर केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. आणि हे विमानाला जसं लागू तसं बसला, रेल्वेला, मोटारीलाही. दोष तिकिटाच्या वर्गाचा नसून हालचाल न करण्याचा आहे. खिडकीशी बसणारा उठायला लाजतो, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं. ज्याला आधी गुठळी झाली आहे, नुकतं ऑपरेशन झालं आहे, त्यानं डॉक्टरला विचारूनच निघावं. बाकीच्यांनी कडेची जागा घ्यावी, पाणी प्यावं, अधूनमधून चालावं.

भाऊसाहेबांनी यातून आपल्या उपयोगाचं तेवढं उचललं. "चालायला पैसे पडत न्हाईत ना? झालं तर मग."

एक संधी मात्र त्यांना मनापासून आवडली. काही कंपन्या उड्डाणाच्या आधी रिकाम्या राहिलेल्या वरच्या जागांसाठी बोली मागवतात. साधं तिकीट घ्यायचं, वर किती देणार ते कळवायचं, लागलं तर लागलं. रेतीघाटाचे लिलाव पाहिलेला माणूस हे ऐकून खुर्चीत सरसावून बसला. त्यांनी जावयाकडून बोली लावून घेतली, कंपनीनं ठेवलेल्या किमान रकमेची, वर एक रुपयाही नाही. आपल्यासारखे किमान बोलीवाले त्या विमानात किती असतील, याचा अंदाज त्यांना यायला हवा होता. बोली नामंजूर झाल्याचा मेल आला. "साखळी झालेली दिसती," एवढं म्हणून त्यांनी तो कागदही फाईलला लावला.

शेवटी दोघंही साध्या तिकिटावर गेले. भैसा, निजामाबाद करत रात्री गाडीनं शमशाबादच्या विमानतळावर. आणि तिथे भाऊसाहेबांनी माणशी एक व्हीलचेअर मागितली.

हा माणूस रोज पहाटे रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जातो आणि परत येतो. पण व्हीलचेअरची सोय फुकट असते, ढकलणारा सोबत येतो, रांग टळते, इंग्रजीतले प्रश्न त्याच्याकडे सरकवता येतात. अमेरिकेच्या विमानांपुढे आपल्याकडच्या आई-वडिलांच्या चाकाच्या खुर्च्यांची जी ओळ लागते, तिच्यात खरे अधू किती आणि भाषेला बिचकलेले किती, हे ढकलणारी पोरं बरोबर ओळखतात. भाषेला बिचकलेल्याला हात द्यायलाच हवा. पण ज्याचे पाय धड आहेत त्यानं खुर्ची अडवली की खरा अधू माणूस ताटकळतो, हेही आहे. भाऊसाहेबांचं तत्त्व वेगळं. त्यांनी ते मला फोनवर सांगितलं: "पैसे मागतेत तिथं बसायचं न्हाई. फुकट बसवतेत तिथून उठायचं न्हाई."

आता राहिल्या काकू. या सगळ्या चौकशीत त्यांचा जबाब कोणी नोंदवला नव्हता. गुडघे त्यांचे गेलेले आहेत; जिना उतरताना त्या कठड्याला धरून आडव्या उतरतात. व्हीलचेअरचा खरा हक्क दोघांत त्यांचाच होता. सोळा तास त्या मधल्या खुर्चीत होत्या, कारण कडेची जागा रक्ताभिसरणासाठी भाऊसाहेबांनी घेतली होती आणि खिडकीशी बसलेला मुलगा झोपी गेला होता. डॅलसला उतरल्यावर लेकीनं विचारलं, "आई, प्रवास कसा झाला?" काकू म्हणाल्या, "चांगला झाला. तुझ्या वडलांनी हिशेब चांगला केला होता."

फोनवर ही हकिकत भाऊसाहेबांनीच मला सांगितली, आणि त्यांनी ती कौतुक म्हणून सांगितली.

तेव्हा ज्यांच्या घरी असा प्रस्ताव येऊन पडला असेल, त्यांच्यासाठी माझा अभिप्राय असा. चार-पाच तासांच्या उड्डाणाला प्रीमियम इकॉनॉमी घेऊ नका. दहा तासांच्या वर, रात्रीचं उड्डाण आणि फरक साध्या भाड्याच्या निम्म्याच्या आत असेल तर घ्या. पाऊणपट असेल तर धडधाकट माणसानं कडेच्या जागेवर भागवावं. हा वर्ग प्रत्येक विमानात नसतो, म्हणून कोणत्या टप्प्यावर तो खरोखर मिळणार आहे ते आधी बघा आणि फक्त लांबच्या टप्प्यापुरता मिळत असेल तर तेवढाच घ्या. गुडघे, कंबर, पाठ यांपैकी काही गेलेलं असेल तर चौरस फुटाचा दर काढत बसू नका. आणि दोघांत एकच परवडत असेल तर ते काकूंच्या नावावर काढा. भाऊसाहेब मागे साध्या वर्गात बसतील; हिशेब करायला त्यांना सोळा तास निवांत मिळतील.