प्रत्येकी एक

अण्णा पिणाऱ्यांतले नव्हेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे बाटल्या बऱ्याच येणार आहेत. मराठी मंडळाच्या कोजागिरीला ते मसाला दूध पितात, दिवाळी पार्टीत जिंजर एल. कुणी फारच आग्रह केला तर वाइनचा एवढासा घोट घेतात, डोळे मिटतात आणि "आंबट आहे रे," एवढाच अभिप्राय देऊन ग्लास खाली ठेवतात. पण क्रूझला निघालेले अण्णा वाइनच्या बाटलीशिवाय एडिसनमधल्या एकाही मराठी माणसाने कधी पाहिलेले नाहीत.

याचं कारण क्रूझ कंपनीच्या नियमावलीत आहे. एकवीस वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला, चढण्याच्या दिवशी, हातातल्या सामानातून, ७५० मिलिलिटरची वाइनची किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली जहाजावर नेता येते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ही परवानगी दिसते. अण्णांना ती कंपनीकडे आपली राहिलेली थकबाकी दिसते.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. विमानाला तेवीस किलोची मुभा असताना बॅग एकवीस किलो भरली, तर उरलेले दोन किलो कुणीतरी आपल्या खिशातून काढून घेतले असं त्यांना रात्रभर वाटत राहतं. मग ती पहाटे उठतात आणि बॅगेत दोन किलोंचं काहीही कोंबतात. अण्णांना कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. मंडळाच्या गणपतीला त्यांचा चेक सगळ्यांत आधी येतो आणि आकडाही बरा असतो. फुकटचं त्यांना आवडत नाही, हक्काचं आवडतं. आणि हक्काचं असलं की ते काय आहे, आपल्याला हवं आहे का, हे प्रश्न त्यांच्या लेखी गौण असतात.

जहाजांच्या वाइनविषयक कायद्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नाही. नॉर्वेजियनवाले हव्या तितक्या बाटल्या नेऊ देतात, पण दर बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे बूच काढण्याचं शुल्क, लावतात. म्हणून अण्णांच्या मते ती "नुसती दिखाऊ उदारता". एमएससीवर बाहेरची बाटली चालतच नाही. त्या कंपनीचं नाव निघालं की अण्णा विषय बदलतात. डिस्नेच्या जहाजावर पूर्वी प्रत्येक प्रौढाला दोन बाटल्या वाइन किंवा सहा बियर नेता येत, आणि त्याही दर बंदरावर नव्याने. हे वाचून अण्णा दोन दिवस हरखून गेले होते. मग भाडं बघितलं. एका जादा बाटलीसाठी एवढं भाडं परवडत नाही हे त्यांनी एक्सेलमध्ये मांडून सिद्ध केलं आणि ते एक्सेल आम्हा सगळ्यांना पाठवलं.

हिशेबाची बाजू भक्कम असते. जहाजावर वाइनचा ग्लास चौदा डॉलर. बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास, म्हणजे सत्तर. त्यावर अठरा टक्के टिप न विचारता लागते, म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. एडिसनच्या लिकर स्टोअरमध्ये बाटली अकरा डॉलरला, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरून ११ डॉलर ७३ सेंट. बाटलीमागे वाचले ७० डॉलर ८७ सेंट. यावर "पण अण्णा, तुम्ही जहाजावर ग्लास घेतलाच नसता ना?" असं मी एकदा विचारलं. "हा मुद्दा वेगळा," असं म्हणून त्यांनी एक्सेल बंद केलं.

बाटली निवडण्याचा मान अर्थातच त्यांचा. "मी निफाडचा आहे, द्राक्षं मला काय शिकवतोस!" हे एक वाक्य कुठलाही वाद मिटवायला त्यांना पुरतं. निफाडची ख्याती खायच्या द्राक्षांची. अण्णांच्या काकांच्या बागेतली द्राक्षं थॉम्पसन सीडलेस, गोड आणि बिनबियांची. वाइनची द्राक्षं वेगळ्या जातीची, आकाराने बारीक, सालीने जाड आणि बियांची. ती अण्णांनी बहुधा चाखलेलीही नसावीत. त्यामुळे दुकानात ते मर्लो आणि शिराझ यांच्यात डावं-उजवं करत नाहीत. बाटली उचलून बघतात, बूड खोलगट आहे का हे अंगठ्याने चाचपतात, किंमत अकराच्या वर नाही याची खात्री करतात आणि फिरकीचं झाकण असलेलीच घेतात. कॉर्कस्क्रूचा खर्च वाचतो.

यंदा बेयॉन बंदरातून बर्म्युडाला जाणाऱ्या जहाजावर आम्ही दोन्ही कुटुंबं एकत्र निघालो, तेव्हा अण्णांच्या आयुष्यात सुवर्णकाळ आला होता. मुलगी नुकतीच एकवीस वर्षांची झाली होती. तिच्या वाढदिवसाला केक कापताना अण्णांचे डोळे पाणावले, ते निव्वळ पितृप्रेमाने नव्हते. अण्णा एक, वहिनी दोन, मुलगी तीन. आणि चौथा कोटा त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंचा.

सासूबाई पंढरपूरच्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीला त्या साबुदाणासुद्धा दुसऱ्याच्या हातचा खात नाहीत.

"जावईबापू," त्या आदल्या रात्री म्हणाल्या, "गळ्यात माळ नि पिशवीत बाटली, हे कसं दिसेल?"

"आई, नियमात माळेबद्दल काहीच नाहीये," अण्णा म्हणाले.

"अहो, पण मी पीत नाही!"

"मीही नाही पीत. पिणाऱ्यालाच एक, असं कुठे लिहिलंय? प्रत्येकी एक लिहिलंय. तुम्ही प्रत्येकी आहात."

या युक्तिवादापुढे सासूबाई गप्प बसल्या. बेयॉनच्या टर्मिनलवर त्यांची कापडी पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून गेली. आत हरिपाठाची पोथी, राजगिऱ्याच्या लाडवांचं बंद पाकीट आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कॅलिफोर्नियाची मर्लो. पट्ट्यापलीकडच्या धिप्पाड अधिकाऱ्याने बाटली बाहेर काढली आणि अदबीने विचारलं, "मॅम, इज धिस युअर वाइन?" अण्णांनी आठवडाभर पाठ करून घेतलेलं "येस" सासूबाईंनी खणखणीत आवाजात म्हटलं, आणि प्रायश्चित्त म्हणून लगेच "पांडुरंग हरी"ही म्हटलं. "एन्जॉय, मॅम," अधिकारी म्हणाला. मागे उभ्या अण्णांच्या चेहऱ्यावर ग्रीन कार्डाच्या दिवशी होता तोच आनंद होता.

नियमाने वागणाऱ्या माणसाला नियम मोडणाऱ्यांचा राग येतो, तसा अण्णांना चोरून दारू नेणाऱ्यांचा येतो. ही कला क्रूझच्या जगात फार पुढे गेलेली आहे. सनस्क्रीनच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कुप्या विकत मिळतात. माउथवॉशच्या बाटलीत व्होडका ओतून वर खाण्याचा हिरवा रंग टाकणारे आहेत. पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून झाकण पुन्हा सील करणारेही आहेत. अशा भगीरथांमुळेच कार्निव्हलने २०१५ साली प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणायलाच मनाई केली, हा दाखला अण्णा कुठल्याही संदर्भात देऊ शकतात.

आमच्या सोबत मंडळातले एक गृहस्थ होते. संध्याकाळ झाली, सगळ्यांच्या बॅगा खोल्यांपुढे आल्या, यांचीच आली नाही. खालच्या डेकवर एका खोलीत संशयित बॅगा रांगेने ठेवतात आणि मालकाला बोलावून त्याच्यासमोर उघडतात. गृहस्थांनी अण्णांना वकील म्हणून सोबत नेलं. बॅगेतून माउथवॉशच्या तीन मोठ्या बाटल्या निघाल्या. तिथल्या सुरक्षारक्षकाने झाकण उघडून नुसता वास घेतला आणि काही न बोलता अण्णांकडे बघितलं. अण्णांनी अशिलाकडे पाठ फिरवली. "याला हक्काची एक बाटली होती हो," वर येताना ते कळवळून म्हणाले, "ती आणलीच नाही मूर्खाने!" चोरीपेक्षा कोटा वाया गेल्याचं दुःख मोठं होतं.

जहाज सुटलं. व्हेराझानो पुलाखालून जाताना धुराडं पुलाला लागतंय की काय असं वाटतं, म्हणून सगळे डेकवर माना वर करून उभे राहतात. अण्णा मात्र खाली, बिनखिडकीच्या खोलीत, फ्रिजमध्ये चार बाटल्या बसवत होते. बिनखिडकीची खोली घेण्यामागेही विचार होता: "खिडकीतून दिसणार काय? पाणीच ना!"

पुढचा पेच कॉर्केजचा. आपली बाटली खोलीत उघडली तर काही द्यावं लागत नाही, जेवणाच्या टेबलावर आणली तर पंधरा डॉलर. पहिल्या रात्री अण्णांनी बाटली टेबलावर ठेवली आणि वाइनच्या वेटरला झाकण दाखवून विचारलं, की यात बूच नाही, तुम्हाला ते काढावं लागणार नाही, मग पैसे कशाचे? वेटर हसला. असे प्रश्न त्याला दर फेरीत येत असावेत. मेन्यूतली ओळ त्याने बोटाने दाखवली. लिहिलेलं दिसताच अण्णा निमूट झाले. लेखी नियमाशी ते भांडत नाहीत.

दुसऱ्या रात्री त्यांनी बाटली खोलीतच उघडली, दोन ग्लास काठोकाठ भरले आणि हातात धरून जेवायला निघाले. भरलेला ग्लास घेऊन चालण्याबद्दल नियमावली मौन बाळगते, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. खोली जहाजाच्या नाळेकडे, जेवणघर पार मागच्या टोकाला, आणि अटलांटिक त्या रात्री जरा खवळलेला. दोन्ही ग्लासांवर नजर लावून अण्णा पुढे, थेंब सांडलाच तर पुसायला टिश्यू पेपर घेतलेल्या वहिनी मागे. वाटेतले लोक पालखीला द्यावी तशी वाट देत होते. कॅसिनोपाशी जहाजाने एक हेलकावा दिला, पण पाऊण ग्लास शाबूत पोचला. टेबलावर अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले. "आंबट आहे रे," ते म्हणाले. आवाजात कृतकृत्यता होती.

मला वाटतं, जहाजवाले अण्णांना अण्णांपेक्षा जास्त ओळखतात. क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश हिस्सा तिकिटातून येत नाही. तो प्रवासी चढल्यानंतर येतो: दारू, कॅसिनो, फोटो, सहली, स्पा. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड मिळतं, आणि ते पुढे करताना खिसा हलका झाल्याचं जाणवत नाही. अशा ठिकाणी माणसाला त्याची अकरा डॉलरची बाटली आणू दिली, की आपण कंपनीवर मात केली या खुशीत तो छाती काढून फिरतो. छाती काढून फिरणारा माणूस मोकळ्या हाताने खर्च करतो.

तिसऱ्या दिवशी जहाजावर चित्रांचा लिलाव होता. निमंत्रणावर लिहिलं होतं: येणाऱ्यांना शॅम्पेन, प्रत्येकी एक ग्लास. अण्णा तिघींना घेऊन वेळेआधी हजर! सासूबाईंच्या हातातला ग्लास त्यांनी स्वतः सांभाळला. लिलाव पुकारणारा गोड गळ्याचा होता, शॅम्पेन थंड होतं, आणि अण्णांच्या पोटात त्या दिवशी आयुष्यात प्रथमच दोन ग्लास गेले होते. एका सूर्यास्ताच्या चित्राला त्यांनी हात वर केला. चित्र २९५ डॉलरना मिळालं. खरेदीदाराचा अधिभार वेगळा, चौकट वेगळी, घरपोच पाठवणं वेगळं.

रात्री वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "अहो, चार बाटल्यांत मिळून किती वाचले म्हणालात?"

"२८३ डॉलर ४८ सेंट," अण्णा म्हणाले, आणि पुष्कळ वेळ भिंतीकडे बघत बसले. बिनखिडकीच्या खोलीत बघायला दुसरं काही नव्हतं.

बर्म्युडाच्या डॉकयार्डात उतरल्यावर ते सावरले, कारण तिथे नवा कोटा वाट पाहत होता. अमेरिकेत परतताना एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला एक लिटर मद्य करमुक्त आणता येतं. बर्म्युडाची काळी रम प्रसिद्ध. चार बाटल्या घेतल्या. बंदरावर घेतलेली दारू जहाजाच्या दारातच काढून घेतात, पावती देतात आणि प्रवास संपताना परत करतात. चार पावत्या अण्णांनी पासपोर्टात जपून ठेवल्या.

शेवटच्या रात्री बाटल्यांची मोजणी झाली. वाइनच्या दोन संपल्या होत्या, त्यातली बरीचशी आम्ही संपवली होती. दोन शिल्लक. अण्णा त्या बॅगेत भरायला लागले, तेवढ्यात पलंगावर हरिपाठ वाचत बसलेल्या सासूबाईंनी चष्मा काढला.

"जावईबापू, त्यातली एक माझी."

"अहो आई, तुम्ही कुठे पिता?"

"पिणाऱ्यालाच एक, असं कुठे लिहिलंय?" सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येकी एक लिहिलंय. शिवाय रमही एक लिटर माझी. पावतीवर माझं नाव आहे."

खोलीत कुणी हसलं नाही, कारण सासूबाई हसत नव्हत्या. चार दिवस बिनखिडकीच्या खोलीत काढून त्यांच्या मनात जे साचलं होतं ते आता बाहेर पडलं. "पुढच्या वर्षी मला समुद्र दिसेल अशी खोली. गॅलरीवाली. नाहीतर माझी बाटली मी यांच्या नावावर नेईन," असं म्हणून त्यांनी सरळ माझ्या बायकोकडे बोट दाखवलं.

अण्णांनी फोन काढून नियमावली उघडली. एकाचा कोटा दुसऱ्या कुटुंबाच्या पदरात टाकता येतो का, याबद्दलचं कलम ते पहाटेपर्यंत शोधत होते. तसं कलम नाही. मनाई करणारं कलम नसेल तर गोष्ट चालते, हे तत्त्व तर त्यांनीच आम्हाला शिकवलेलं.

पुढच्या वर्षीचं बुकिंग परवा झालं. गॅलरीवाली खोली आहे. बाटलीमागे होणारी बचत त्या खोलीच्या जादा भाड्यातून वजा केली तर काय उरतं, ते एक्सेल मात्र अण्णांनी या वेळी कुणालाच पाठवलेलं नाही.