इसापूरचे दरवाजे आणि दाजींचे बूट

पाणी म्हटलं की लातूरचा माणूस आधी आकडा विचारतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिण्यांत किती पाणी मावतं हे शहरातल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं: पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिण्यांची गाडी आली, तेव्हा पंचवीस लाख. सुमारे ३४० किलोमीटरवरून पाणी आपल्याला भेटायला येतं म्हटल्यावर पाण्याला भेटायला आपणही कधीतरी गेलं पाहिजे, असं एखाद्या लातूरकराच्या मनात आलं तर त्यात नवल नाही. लातूरच्या एका दाजींच्या मनात ते श्रावणात आलं.

जायचं ठरलं सहस्रकुंडला. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, पैनगंगा काळ्या खडकाच्या चिरांमधून अनेक धारांनी खाली उडी घेते, ते ठिकाण. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड दीडशे किलोमीटरच्या आत. तिथून भोकर आणि हिमायतनगरवरून आणखी शंभरेक. एवढं अंतर एका दमात कापायचं नाही, नांदेडला सासुरवाडीत मुक्काम करायचा, हा दाजींचा पहिला निर्णय. या निर्णयावर फेरविचार झाला नाही.

नांदेडच्या मेहुण्याला फोन गेला. “सहस्रकुंडला ट्रेक करायचा म्हणतोय.”

“ट्रेक? दाजी, मंदिराजवळ गाडी लागते. पुढं खडकापर्यंत काय ते चालायचं.”

दाजींनी तोवर घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घेतले होते. त्यांची आजवरची गिर्यारोहणाची कमाई म्हणजे उदगीरजवळचं हत्तीबेट आणि औशाकडची खरोसा लेणी. वडवळ नागनाथचं बेट त्यांनी खालूनच पाहिलं होतं. त्यामुळे चालणं थोडं आहे ही बातमी त्यांना लागली जरूर, पण बूट परत करण्याइतकी नाही. तसं पाहिलं तर तिथं बुटाला काम आहे. हा खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. उन्हाळ्यात तो ओतीव लोखंडासारखा तापतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. त्या शेवाळावर स्लीपर घालून सेल्फी काढणारी माणसं दर पावसाळ्यात दिसतात. घोट्यापर्यंतच्या बुटांना हसणाऱ्या मेहुण्याची चप्पलही त्याच जातीची होती.

खरा प्रश्न होता तो पाण्याचा. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कड्यावर आषाढात गेलं की धबधबा असतोच. मराठवाड्यात आधी विचारून घ्यावं लागतं. किनवट-माहूरचा सागवानी कोपरा नांदेड जिल्ह्यात सगळ्यात ओला, हे खरं. पण पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात, आणि सहस्रकुंडला पोचण्याआधी तिला इसापूर धरण ओलांडावं लागतं. हिंगोली आणि यवतमाळच्या सीमेवरचं हे धरण आधी स्वतःचं पोट भरतं. ते भरलं की दरवाजे उघडतात, खालच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो, आणि मग सहस्रकुंड जे काही दाखवतं त्यापुढे खडकच दिसेनासा होतो. दरवाजे बंद असले तर खालच्या मुलखात पडलेल्या पावसावर आणि हिंगोलीहून येऊन मिळणाऱ्या कयाधूवर भागवावं लागतं.

म्हणजे इस्लापूरला ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. आभाळाकडे बघून खडकावर उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पैनगंगेचं आभाळ बरंच वर, पश्चिमेला असतं. मेहुण्याने हे दाजींना तीनदा समजावलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग इसापूरला किती टक्के आहे?” लातूरकराचा तो जन्मजात प्रश्न. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाआधी नांदेडच्या वर्तमानपत्रातला धरणसाठा फोनवरून लातूरला वाचून दाखवला जाऊ लागला. मांजरा धरणाची टक्केवारी दाजी आपल्या बाजूने सांगत. दोघांचाही सूर शेअर बाजाराचा.

रेल्वेने जावं असाही एक विचार निघाला. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्थानकच आहे. लातूरकराने पाण्यासाठी पुन्हा रेल्वेवर विसंबायचं का, असा टोमणा मेहुण्याने मारला आणि तो विचार तिथेच संपला. वाईट वाटतं. त्या मार्गावर खिडकीत बसून जाणं हे धबधब्याइतकंच बघण्यासारखं आहे.

आता काठ कुठला? पैनगंगा इथे सीमा आहे: अलीकडे नांदेड, मराठवाडा, पलीकडे यवतमाळ, विदर्भ. १९५६च्या १ नोव्हेंबरआधी अलीकडचा काठ हैदराबाद राज्यात होता आणि पलीकडचा मध्य प्रदेशात. त्याआधी इकडे निजाम आणि तिकडे इंग्रज. एका धबधब्याकडे दोन राजवटींनी दोन बाजूंनी पाहिलं, आणि दोघींच्याही काठावरच्या माणसाला समोरचा काठच अधिक चांगला दिसला. मेहुण्याचे वडील ठामपणे म्हणाले, “पलीकडून बघावं. उमरखेडकडून जावं.” कुणीतरी विचारलं, तुम्ही कधी गेला होता? ते पेपरात शिरले.

इथपर्यंत बेत धबधब्याचाच होता. मग तो स्वयंपाकघरात गेला. धपाटे किती, दही वेगळं न्यायचं की तिथं घ्यायचं, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा दोन्ही का एकच, यावर लातूर आणि नांदेड यांच्यात जेवढं बोलणं झालं तेवढं रस्त्याबद्दल झालं नाही. त्यातच सासूबाईंनी सहज विचारलं, “किनवटपर्यंत जायलाव, तर उनकेश्वरला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून याल का?” गंधकाचं पाणी, गुडघ्याला बरं. दाजींना गुडघे होतेच.

उनकेश्वर मान्य झालं म्हटल्यावर माहूर नाकारायला कारण उरलं नाही. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पीठ, रेणुकामाता, इतक्या जवळून तसंच परत यायचं? शिखरावर दत्त आहे, अनसूयामाता आहे. मग लातूरची आत्या येते म्हणाली. लोह्याचे मावशी-काका वाटेतच पडतात. कारमध्ये बसणारी चार माणसं रविवारपर्यंत अकरा झाली, आणि कार रद्द होऊन क्रूझर ठरली.

पहाटे क्रूझरवाला दारात आला. आत ओटीचं सामान, पाच नारळ, धपाट्यांचे तीन डबे, सतरंजी, आणि सगळ्यांत वर दाजींचे कोरे बूट. त्याने एकदा सामानाकडे, एकदा माणसांकडे पाहिलं.

“माहूरलाच ना?”

“सहस्रकुंडला,” दाजी म्हणाले.

“ते तर वाटंतच हाय की,” असं म्हणून त्याने टपावर दोरी आवळली आणि भाडं माहूरचं सांगितलं.